वीकडेचं लोणावळा : चार शिट्ट्यांत डिनर!

लोणावळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? भुशी डॅमच्या पायऱ्या, भाजलेलं कणीस, कांदाभजी, चिक्कीचे बॉक्स आणि परतीचा ट्रॅफिक जॅम. बरोबर? आपल्यासाठी हे शनिवार-रविवारचं गाव. पण लोणावळा सोमवारीही तिथेच असतं हो! आणि सोमवारी संध्याकाळी तिथले आई-बाबा तेच करत असतात, जे तुमच्या बिल्डिंगमधले करतात. ऑफिसमधून येताना पिल्लाला पाळणाघरातून उचलायचं, घर गाठायचं आणि ‘भूक लागली’चा भोंगा टिपेला पोचायच्या आत ताट वाढायचं.

म्हणून या वेळी जरा वेगळी लोणावळा ट्रिप. पॉइंट बघायचे नाहीत, स्वयंपाकघरात डोकवायचं!

लोकल, जिना, पाळणाघर

पुणे-लोणावळा लोकल १९७८पासून धावतेय. अंतर ६४ किलोमीटर, वेळ साधारण दीड तास. पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या नोकऱ्या करून लोणावळ्यात राहणाऱ्यांचा दिवस या गाडीच्या टायमिंगवर चालतो. तळेगाव सुटलं की डबा जरा मोकळा होतो, कामशेतच्या पुढे भातखाचरं दिसायला लागतात आणि मोबाइलवर घरच्यांना मेसेज जातो, ‘मळवली आलं.’ हे स्टेशन लोणावळ्याच्या अगदी अलीकडचं. म्हणजे आता उतरायची तयारी!

स्टेशनवरून कुणी भांगरवाडीकडे वळतं, कुणी तुंगार्ली, वलवण किंवा गवळीवाड्याकडे. वाटेत पाळणाघर. तिथे दारात होणारा संवाद दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा असतो.

‘‘काकू, चारला काय खाल्लं याने?’’

‘‘अगं, पोहे खाल्लेत. पण अर्धेच. आता भूक लागलीच असेल बघ.’’

झालं, रात्रीचा मेन्यू इथेच ठरतो. नीट खाल्लं असेल तर अर्धा-पाऊण तास हाताशी आहे. नसेल तर घरात शिरल्यापासून पंचवीस मिनिटं. त्याच्या पुढे रडारड!

खरा सापळा मात्र वाटेत आहे. तुम्ही ज्याच्यासाठी शंभर किलोमीटर गाडी हाणता, ते सगळं या पोरांच्या घराच्या वाटेवर मांडलेलं असतं. गरम वडापाव, फज, चिक्की! एकदा त्याने पोट भरलं की जेवणाच्या ताटावर नुसती चिवडाचिवडी. यावर उपाय लोणावळ्याचाच. घाटातल्या रेल्वेच्या कामावरचे मजूर ताकदीसाठी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी खायचे आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असं इथे सांगतात. तोच फंडा घरी वापरायचा. चमचाभर दाण्याचं कूट आणि गूळ यांचा सुपारीएवढा लाडू हातावर ठेवायचा, बरोबर काकडी किंवा गाजराचे तुकडे. भूक दमाने घेते, मरत नाही. चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे मात्र नकोत, घशात अडकू शकतात. त्यांना गाजरसुद्धा कच्चं न देता वाफवूनच द्या.

काम कुकरला सांगा

वरण-भात-भाजी-पोळी हे चौकोनी ताट सुंदरच आहे. पण हिशोब करा. चौघांच्या पोळ्या म्हणजे कणीक भिजवण्यापासून शेवटच्या पोळीपर्यंत पाऊण तास ओट्यापाशी उभं राहणं. पोरगं सातला घरी येतं आणि साडेनऊला झोपतं. त्या अडीच तासांतला पाऊण तास त्याला तुमची पाठच दिसणार! म्हणून वीकडेच्या रात्री पोळीला सुट्टी, पोळी सकाळच्या डब्यात.

आणि इथे मावळ मदतीला येतं. इंद्रायणी तांदूळ तुम्ही मॉलमधून आणत असाल, पण तो मूळचा इथला. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आला. वास आंबेमोहोराच्या घराण्यातला, शिजल्यावर मऊ आणि चिकट. बिर्याणीला हा तांदूळ चालणार नाही, पण लहान मुलांच्या जेवणाला याच्यासारखा दुसरा नाही.

एक वाटी इंद्रायणी, अर्धी वाटी मुगाची डाळ, पाच वाट्या पाणी, हळद, मीठ, हिंग आणि वरून चमचाभर तूप. चार शिट्ट्या! वाफ जिरेपर्यंत धरून साधारण पंचवीस मिनिटं लागतात. त्यातली तुमची फक्त सात-आठ. बाकीच्या वेळात दप्तर उघडा, हातपाय धुवा, पाळणाघरात कोण कुणाला चावलं ते ऐका.

लोणावळ्यात कुकरला पर्याय नाही, यामागे विज्ञानही आहे. गाव समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंच. इथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे डाळ जरा जास्तच वेळ खाते. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांपर्यंत जातं. घाटमाथ्यावरचं गाव असो की तुमचा सातवा मजला, शिटी सगळीकडे सारखीच कामाला येते!

रोज खिचडी? नाही हो. सोमवारी खिचडी, मंगळवारी पिठलं-भात. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी आणि खमंग फोडणी. दहा मिनिटांत तयार. मुलांचं आधी बाजूला काढून मग मोठ्यांसाठी वरून ठेचा. बुधवारी भाजणीचं थालीपीठ लोण्याबरोबर. गुरुवारी गरम भात, मेतकूट आणि तूप. हे सगळे पदार्थ झटपट का होतात? कारण त्यातलं किचकट काम आधीच झालेलं असतं. भाजणी भाजून दळलेली, मेतकूट डब्यात भरलेलं. आजीने ज्याला ‘बेगमी’ म्हटलं असतं, तेच आज आपण ‘प्लॅनिंग’ म्हणतो.

पावसाळ्यात ही बेगमी जास्तच उपयोगी पडते. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मटकीला मोड यायला एक दिवस जास्त लागतो, इडलीचं पीठ फुगायला तयार नसतं, आणि वीज गेली तर मिक्सर बंद. अशा संध्याकाळी मिक्सर न लागणारं पिठलंच कामाला येतं.

कुकर कोण लावणार?

आता थोडं टोचणारं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो. पुरुषांचा? ८८! म्हणजे ‘झटपट रेसिपी’ हा प्रश्न निम्माच आहे. उरलेला निम्मा असा, की घड्याळाकडे बघत धावतंय कोण?

यावर एक साधा नियम पुरतो. जो आधीच्या लोकलने येईल तो कुकर लावेल, दुसरा मुलाला आणेल. खिचडी आणि पिठलं ही ‘बाबाला येत नाही’ म्हणण्याइतकी अवघड नाहीत. प्रमाण वाटीचं, घड्याळ शिट्टीचं. चार-पाच वर्षांचं मूलही ताटं मांडतं, काकडीच्या चकत्या वाढतं, आणि स्वतः वाढलेलं जरा जास्त खातं.

राहिला शुक्रवार. त्या दिवशी लोणावळेकरांचं गणित आपणच बिघडवतो! दुपारनंतर मुंबई-पुण्याच्या गाड्या यायला लागतात आणि कुमार चौकातून पाळणाघर गाठायला रोजच्या दुप्पट वेळ लागू शकतो. म्हणून शुक्रवारसाठी सकाळच्याच पोळ्या दोन-चार जास्त. रात्री त्यांची फोडणीची पोळी, वर दाण्याचं कूट, कोथिंबीर, शेजारी दही. पाच मिनिटांत खल्लास!

तेव्हा पुढच्या वीकेंडला चिक्कीच्या दुकानाबाहेर डबल पार्किंग करण्याआधी एक विचार करा. मागे अडकलेल्या स्कूटरवर एखादं भुकेलं पोरगं आणि त्याची आई असू शकते. गाडी नीट लावा. आणि परतताना चिक्कीबरोबर पाच किलो इंद्रायणी घ्या. चिक्की रविवारीच संपते. तांदूळ सोमवारी संध्याकाळी उपयोगी पडतो.