परमिट रूम चालवायला घ्यायला निघालो होतो, त्याची गोष्ट

मंडळी, पोस्ट थोडी लांबली आहे. पण अंबड-सातपूरमधल्या बऱ्याच घरांत सध्या हाच विषय चालू असणार, म्हणून लिहितोय.

सप्टेंबर २०२५ मध्ये माझी नोकरी गेली. वय ४७. एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लाइन सुपरवायझर होतो, १९ वर्षं ८ महिने. एक लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि आम्हाला एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. समोर छापील राजीनामा. "सही केली तर तीन महिन्यांचा पगार जास्त देऊ." सही केली. बहुतेकांनी केली.

ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा असतो. बेसिक ३१,२००, त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं, म्हणजे एका वर्षाचे १८,०००. वीस वर्षं धरली, ३ लाख ६० हजार. पीएफ तेरा लाखांच्या आसपास. वर ते तीन पगार. बँकेच्या पासबुकात एवढा आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येक नातेवाईक एकच वाक्य बोलला, "आता कुठे नोकरी शोधतोस, धंदा टाक!"

सिडकोत आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत. २७ वर्षं त्यांचं परमिट रूम आहे, चाळीस खुर्च्यांचं. मुलं बाहेर गेली, गुडघे गेले. मला म्हणाले, "तू चालवायला घे. दहा लाख डिपॉझिट, महिन्याला एक लाख. लायसन्सची नेहमीची फी त्यातच." पूर्वी हे असले व्यवहार तोंडी, कुणाच्या तरी भरवशावर चालायचे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने जो निर्णय घेतला, त्यात एफएल-३ परवाना भाडेकरारावर चालवायला द्यायची मुभा आली, वार्षिक फीच्या १० टक्के जादा भरून. म्हणजे आता सगळं कागदावर होणार होतं. मला वाटलं, हे आपल्यासाठीच आलंय.

खरं सांगतो, मोह झाला होता. वीस वर्षं दुसऱ्याच्या सायरनवर उठलो. स्वतःचा गल्ला, स्वतःचं शटर, लोक "शेठ" म्हणणार. माणसं सांभाळता येतात, हिशेब येतो, मी स्वतः फारसा पीत नाही. अजून काय पाहिजे?

बायको म्हणाली, "घे. पण आधी पंधरा दिवस त्यांच्या गल्ल्याजवळ बस. आणि वही आणून मला दाखव." मी अकरा दिवस बसलो.

आधी वहीचं सांगतो. साधारण महिन्याचा धंदा सात लाख. त्यातली दारू ४ लाख ८० हजार, बाकी जेवण आणि चखणा. दारूची खरेदी ३ लाख. व्हॅट ४५ हजारांच्या आसपास, कारण दारू जीएसटीत नाही आणि परमिट रूमचा व्हॅट २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला. किचनचा माल आणि गॅस ९५ हजार. सात माणसांचे पगार १ लाख २०. लाइट, साफसफाई, फुटलेले ग्लास २५ हजार. अण्णांचे एक लाख. बेरीज ६ लाख ८५ हजार. उरले किती? १५ हजार. त्यात भाडेकराराची जादा फी धरलेली नाही, ड्राय डे नाही, निवडणुकीत मतदान संपेपर्यंतचे बंद असलेले ४८ तास नाहीत, आणि ज्याची पावती मिळत नाही तो 'वरचा खर्च' तर नाहीच.

मग अण्णांचं २७ वर्षं भागलं कसं? बायकोने एका मिनिटात सांगितलं. जागा त्यांची स्वतःची, त्यामुळे भाडं नाही. गल्ल्यावर ते स्वतः, म्हणजे एक पगार वाचला. मी घेतलं की त्यांचे महिन्याचे लाख पक्के, आणि धंदा वर-खाली झाला तर ते माझ्या अंगावर. अण्णा फसवत नव्हते. वही त्यांनीच उघडून दिली होती.

त्याच जूनच्या निर्णयात देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मिती मूल्याच्या तीनपटीवरून साडेचारपट झालं. १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत २०५ रुपये ठरली. सरकारला यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा अपेक्षित आहेत. १४ जुलैला राज्यातल्या बारवाल्यांनी बंदही पाळला. गल्ल्याजवळ बसल्यावर याचा अर्थ कळतो. गिऱ्हाईक दारू सोडत नाही. वाइन शॉपमधून क्वार्टर घेतं आणि गाडीच्या आडोशाला उभं राहून पितं. खुर्ची रिकामी राहते, वेटरचा पगार मात्र द्यावाच लागतो.

इथपर्यंत नुसता हिशेब होता. हिशेब कदाचित मारूनमुटकून जमवलाही असता. पण चौथ्या दिवशी दुपारी एक माणूस आत आला.

साडेबाराची वेळ. कंपनीचा टी-शर्ट, खांद्याला सॅक. माझ्याच लाइनवरचा फिटर. माझ्यानंतर दोन आठवड्यांनी त्याचं नाव आलं होतं. मला गल्ल्याजवळ बघून दचकला. "साहेब, तुम्ही इथं?" मग कोपऱ्यातल्या टेबलावर बसला. वेटरने न विचारता क्वार्टर ठेवली आणि सोबत एक रिकामी प्लेट. प्लेट कशाला, ते मला कळेना. त्याने सॅकमधून डबा काढला. पोळी, गवारीची भाजी, कोपऱ्यात लोणचं. बायकोने पहाटे भरून दिलेला. घरी अजून सांगितलंच नव्हतं. रोज फर्स्ट शिफ्टच्या वेळेला निघायचा, पाथर्डी फाट्यावर, बागेत, कुठेतरी वेळ काढायचा आणि दुपारी इथे येऊन डबा खायचा.

पुढच्या दिवसांत मी दुपारची गिऱ्हाइकं मोजायला लागलो. माझ्या ओळखीचेच पाच निघाले. संध्याकाळची गर्दी वेगळी असते, हसतखेळत येते आणि जाते. दुपारी येणारा माणूस बोलत नाही. आणि अण्णांच्या वहीत गेल्या तीन महिन्यांत वाढलेला धंदा दुपारचाच होता. म्हणजे मी माझी ग्रॅच्युइटी ओतून जे दुकान घेणार होतो, ते माझ्याच लाइनच्या पोरांच्या ग्रॅच्युइटीवर चालणार होतं.

दारू वाईट, असलं काही मी सांगत नाहीये. अण्णांचा धंदा सरळ आहे. पंचविशीच्या आतल्या पोराला बिअरच्या पुढे काही देत नाहीत, कायदाच तसा आहे. त्या फिटरलाही दुसरी क्वार्टर मागितली की अण्णा म्हणायचे, "बास. डबा संपव आधी." मी एकदा विचारलं, "अण्णा, असं गिऱ्हाईक परत पाठवून कसं चालतं?" ते म्हणाले, "मला चालतं. माझ्या डोक्यावर कर्ज नाही. तू दहा लाख भरून बसशील, एक तारखेला माझे लाख द्यायचे असतील, तेव्हा तू त्याला 'बास' म्हणशील का, ते बघ."

त्या रात्री झोप लागली नाही. कारण उत्तर मला माहीत होतं. मी म्हणालो नसतो.

आता सार्वजनिक मुद्दा. आम्हा लोकांना "धंदा टाक" म्हणणं सोपं आहे, कारण दुसरं काही ठेवलेलंच नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात दहा हजारांवर पगार असलेला सुपरवायझर 'कामगार' धरला जात नव्हता. कामगाराला कपातीत दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो, आम्हाला नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली. तिच्यात ही मर्यादा १८ हजार केली आणि कपात झालेल्याला नवं काम शिकण्यासाठी १५ दिवसांचा पगार देणारा निधीही आणला. पण तोही कामगारालाच. आणि ज्या कामगाराने राजीनाम्यावर सही केली, त्याची कपात कागदावर झालेलीच नसते. ईएसआयसीची बेरोजगारीत ९० दिवस अर्धी मजुरी देणारी अटल योजना आहे, ती २१ हजारांच्या आत पगार असणाऱ्यांची. माझ्यासारखा माणूस कंपनीला साहेब वाटत नाही आणि कायद्याला कामगार वाटत नाही. मग तो वीस वर्षांचे पैसे घेऊन रसवंती, वडापाव, फ्रँचायझी नाहीतर परमिट रूम शोधत फिरतो. वर "मराठी माणूस धंद्यात पडत नाही" हे ऐकून घेतो.

माझी मागणी साधी आहे. छापील राजीनाम्यावर सही घेऊन माणसं काढायची पद्धत कामगार खात्याने तपासावी. आणि बेरोजगारीचा विमा पगारातून वर्गणी कापून का होईना, पण सुपरवायझरपर्यंत आणावा. आम्ही वर्गणी भरू.

अण्णांना नाही म्हणून सांगितलं. रागावले नाहीत, चहा पाजला. सध्या सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये माल तपासायला जातो. २४ हजार मिळतात, पूर्वीच्या निम्म्याहून कमी. दहावीतल्या मुलाचा एक क्लास बंद केला. सोपं नाहीये.

त्या फिटरला एका रविवारी सोबत घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने बायकोला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मला आठवडाभरापासून माहीत होतं. डब्याला वास येत होता." तरीही रोज भरून देत होती.

फिटर चांगला आहे, हात साफ आहे, १४ वर्षांचा अनुभव. कुणाच्या युनिटला माणूस हवा असेल तर मला फोन करा. आणि अण्णांचं परमिट रूम अजून चालवायला द्यायचं आहे. कुणाला घ्यायचं असेल तर जरूर घ्या. फक्त आधी अकरा दिवस गल्ल्याजवळ बसा, तेही दुपारचे.