कोंडी फोडणारे प्यादे

बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांच्या वाट्याला पहिली चाल कधीच येत नाही. त्यातही ज्याने फ्रेंच बचाव स्वीकारला, त्याने अडचणीची जागा आपण होऊन पत्करली असेच म्हणावे लागेल. १८३४ साली पॅरिस व लंडन यांच्यात पत्राद्वारे सामना सुरू झाला. त्यात पॅरिसकरांनी हा बचाव वापरला आणि त्यावरून त्याला हे नाव पडले.

पांढरा ई-४, काळा ई-६. पांढरा डी-४, काळा डी-५. मग पांढरे प्यादे ई-५ वर सरकते आणि डी-४ व ई-५ या दोन प्याद्यांची साखळी काळ्याची वाट अडवून बसते. काळ्याचा वजिराकडील उंट स्वतःच्याच ई-६ वरील प्याद्यामागे कोंडला जातो.

हा बचाव मी शिकलो तो माझ्या वडील बंधूंकडून. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. डाव्या हाताने ते मोहरी हलवीत. पुढे घुसलेल्या प्याद्यावरच तुटून पडावे, असे कोणालाही वाटेल. ते म्हणत, "ते टोक आहे. तू मूळ पाहा." निमझोविच यांनी १९२५च्या सुमारास 'माय सिस्टिम' या ग्रंथात हेच तत्त्व मांडले आहे.

मूळ म्हणजे डी-४. म्हणून प्रथम सी-५. मग घोडा सी-६ वर, वजीर बी-६ वर, दुसरा घोडा एफ-५ वर. साऱ्यांचा रोख त्या एकाच घरावर. पांढऱ्याची मोहरी मुळाच्या रक्षणात गुंतली आणि आपला किल्लेकोट झाला, की मगच टोकावर एफ-६ चा घाव घालावयाचा. त्याने हत्तीला वाट मिळते. कोंडलेला उंटही डी-७, ई-८ असा वळसा घेऊन एच-५ गाठू शकतो. मात्र ई-६ वरील प्यादे त्यामुळे दुबळे होते. कोंडी फुकट फुटत नाही.

बंधूंच्या शरीराची कोंडी फुटणारी नव्हती, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. तरीही बरोबरीचा प्रस्ताव त्यांनी कधी मांडला नाही. आता त्यांच्या पश्चात मी काळी मोहरी मागून घेतो. अडचणीत नुसते सोसणे आणि सोसता सोसता तयारी करणे, ही दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. त्यांतला भेद मला त्या एका प्याद्याने शिकविला.