कुंपणाचे खांब

सेनगांवास शिकवीत असतां आम्हीं एकदां वर्गास विचारलें, ‘४७ व ८३ यांच्या दरम्यान पूर्णांक किती?’ बहुतेकांनीं ३६ लिहिले. एकानें ३५ लिहून आमची तांबडी फुली पदरांत घेतली.

दुसरे दिवशीं तो उभा राहिला. “सर, रानडुकरांच्या भयानें हळदीच्या वावराला कुंपण घातलें. बाजू शंभर फूट, दर दहा फुटांवर खांब. गाळे दहा झाले, खांब अकरा लागले. टोकांचे दोन सोडले तर मधले नऊच.”

आम्ही ओशाळलों. वजाबाकी गाळे मोजते, खांब नव्हे! ८३ मधून ४७ गेले म्हणजे गाळे ३६. दोन्ही टोकें धरलीं तर संख्या ३७, दोन्ही सोडलीं तर ३५. ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘दरम्यान’ हे शब्द आम्हीं कधीं नीट तोललेच नव्हते. (अपूर्णांक धरूं लागलों तर ४७ व ४८ यांच्यामधलेहि मोजून संपावयाचे नाहींत, तें असो.)

वर्गासमक्ष फुली खोडून त्याचे गुण दिले. पण ३६ लिहिणारांचे कापावे काय? रात्रभर तोच विचार. शेवटीं कापले नाहींत; चूक आमच्याच शिकवणीची होती. मात्र सकाळीं सर्वांस शाळेच्या कुंपणाशीं नेऊन खांब मोजावयास लाविलें.