पांढऱ्या उताराचा भरंवसा

आपल्या सह्याद्रीवर भटकणाऱ्यास पायाखालच्या वाटेची पारख हळूहळू होऊं लागते. निसरडें शेवाळ, घसरणारी माती, खिळखिळा झालेला दगड, हीं संकटें डोळ्यांना दिसतात. परंतु हल्लीं आपल्याकडील पुष्कळ तरुण सुटींत हिमालयाकडे जातात, आणि तेथील बर्फाचा स्वभाव अगदीं निराळा आहे. तो आपला दोष पोटांत ठेवितो. वरून पाहावें तों उतार शुभ्र, शांत व अभंग! म्हणूनच, विद्यार्थिमित्रहो, हिमस्खलनाविषयीं दोन शब्द लिहावे असें माझ्या मनांत आलें.

डोंगरावरील बर्फ हा एकजिनसी ढीग नसतो. प्रत्येक वादळाचा एकेक थर, वहीच्या पानावर पान पडावें तसा, सांचत जातो. कांहीं थर घट्ट असतात, तर कांहींचे कण साखरेसारखे सुटे राहून एकमेकांस धरीत नाहींत. अशा दुबळ्या थरावर वाऱ्यानें आणून दाबलेल्या बर्फाची जड लादी बसली, म्हणजे संकटाची सिद्धता झाली. मग एका माणसाचें ओझेंही पुरतें! खालचा थर मोडतो, ती भेग क्षणार्धांत दूरवर धांवते व सबंध लादी निसटते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हें बहुधा घडतें. आणि चढण्यास मनोहर वाटणारे उतार नेमके हेच होत. आश्चर्य हें कीं, जे प्रवासी अशा लादीखालीं सांपडतात, त्यांपैकीं बहुतेकांच्या बाबतींत ती त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या पावलानेंच सुटलेली असते.

निसर्ग इशारा देतच नाहीं असें मात्र नव्हे. नुकतीच झालेली मोठी बर्फवृष्टि, जोराचा वारा, एकाएकीं वाढलेली ऊब, शेजारच्या उतारावर ताजें स्खलन, पायाखालून फुटत जाणाऱ्या चिरा, बर्फ खचल्याचा ‘धप्प’ असा पोकळ आवाज, हीं सारीं त्याचीं अक्षरेंच होत. तीं वाचणाऱ्यानें माघारीं वळावें, हाच शहाणपणा.

परंतु जाणत्यांनाही हीं अक्षरें नेहमीं लागतात असें नाहीं. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेंत ७ जून रोजीं मॅलरी, सॉमरव्हेल व क्रॉफर्ड हे तिघे चौदा भारवाहकांसह नॉर्थ कोल या खिंडीकडे चढत होते. थोड्याच दिवसांपूर्वीं पुष्कळ बर्फ पडला होता. त्यांनीं उतार पारखून पाहिला; तो टिकला, म्हणून ते पुढें गेले. दुपारीं मोठा आवाज होऊन बर्फ सुटला. नऊ भारवाहक बर्फाच्या कड्यावरून खालीं फेंकले गेले. दोघांस जिवंत बाहेर काढतां आलें; सात जण गेले. तिघां इंग्रजांपैकीं एकही दगावला नाहीं, या विचारानें सॉमरव्हेलच्या मनाला फार यातना झाल्या.

हे सॉमरव्हेल म्हणजे शस्त्रवैद्य. त्याच वर्षीं त्यांनीं दक्षिणेंत त्रावणकोर संस्थानांतील नेय्यूरचें मिशन रुग्णालय पाहिलें, आणि पुढें आपल्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें भारतांतील रोग्यांच्या सेवेंत घालविलीं. त्यांच्या अंतःकरणांतील सर्व हेतु परमेश्वरास ठाऊक. त्या अपघाताचा व या निर्णयाचा संबंध मी जोडीत नाहीं. मला मात्र वाटतें कीं, पर्वतावर वाट ठरविणारा एक असतो व तिची किंमत देणारे पुष्कळदां दुसरेच असतात, ही गोष्ट आपण कधींही विसरूं नये. ज्याच्या दोराला इतरांचे प्राण बांधलेले आहेत, त्यानें ‘मला भीति नाहीं’ एवढेंच म्हणून भागत नाहीं.

ही केवळ जुनी कथा नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं गढवालांतील द्रौपदी का दांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी व शिक्षक स्खलनांत सांपडले, आणि पंचवीसहून अधिक जणांचा अंत झाला. ते शिकण्यासाठींच गेले होते. त्यांच्या स्मृतीस मान देण्याचा मार्ग म्हणजे आपणही शिकणें.

आज गाडल्या गेलेल्या सोबत्यास शोधण्यासाठीं संदेश पाठविणारें लहान यंत्र, लांब सळई व फावडें हीं साधनें मिळतात. प्रत्येकानें तीं जवळ बाळगावींत व वापरण्याचा सराव करावा. कारण पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वांचतात, आणि अर्धा तास लोटल्यावर आशा फारच थोडी उरते. इतक्या अवधींत गांवाहून मदत येत नाहीं. जवळचा सोबतीच तारणहार होतो. म्हणून संशयाचा उतार ओलांडावाच लागला, तर एकेकानें ओलांडावा व इतरांनीं सुरक्षित जागीं उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी.

तथापि सर्वांत मोठें साधन पाठीवरच्या पिशवींत मावत नाहीं. तें म्हणजे ‘आज नको’ असें म्हणण्याचें धैर्य. आईबापांस माझी विनंति आहे कीं, मुलगा किंवा मुलगी शिखर न गांठतां परत आली, तर तिला अपयशी म्हणूं नका. ती कोणाचा तरी प्राण राखून आली असेल. शिखर कोठें जात नाहीं. तें पुढच्या वर्षींही तेथेंच असेल.