गोणपाटातील शंभर दाणे

कळंबच्या एका आडत्याच्या घरी मृगापूर्वी गोणपाट धुऊन, भिजवून ओसरीवर अंथरले जाते. त्यावर सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, वर दुसरे ओले गोणपाट घालायचे, गुंडाळी सावलीत ठेवायची आणि आठवडाभर पाणी शिंपडायचे. ही रीत २०२० नंतरची. त्या खरिपात मराठवाड्यातील अनेक शिवारांत पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही आणि दुबार पेरणीचा भार शेतकऱ्यांवर पडला. या आडत्याच्या गोदामात ओळखीचे शेतकरी घरचे बियाणे राखून ठेवतात. म्हणून ही तपासणी.

मोजणीचे काम सहावीतल्या नातीकडे. सत्तर दाणे उगवले तर बियाणे चांगले. एका पोत्याचे तिने मोजले ते ६१. उरलेल्या दाण्यांकडे पाहत ती म्हणाली, "आजोबा, हे कधी मेले?"

प्रश्न अवघड होता. कोरडा दाणाही अतिमंद श्वास घेत असतो. दमट उष्ण हवेत त्याची शिल्लक लवकर सरते. त्यातून सोयाबीनचे साल पातळ, अंकुर त्याच्या लगतच. ट्रकवरून पोते आदळले की आतला जीव जातो, वजन मात्र तेवढेच राहते. काट्याला हा फरक कळत नाही, भावालाही नाही.

गौतम गणधरांनी भगवान महावीरांना जवळपास हेच विचारले होते. कोठारात नीट बंद केलेल्या धान्याची उगवण्याची शक्ती किती काळ टिकते? भगवतीसूत्रात उत्तर आहे: साळी, गहू, जव यांची अधिकाधिक तीन वर्षे, तीळ, मूग, उडीद, मसूर यांची पाच, जवस, करडई यांची सात. त्यानंतर बी हे बी राहत नाही. सचित्त-अचित्ताचा विचार ताटापुरता ठेवणाऱ्या घरांनी हा भाग गोदामात उभे राहून वाचावा. सोयाबीन त्या यादीत नाही. ते या भागात अलीकडे आले आणि त्याची शक्ती जेमतेम पुढच्या हंगामापर्यंत टिकते. उलट इस्रायलमधील मसादा येथे मिळालेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये उगवली. तेथील कोरडेपणा तिला मानवला असावा.

आजोबांनी शेतकऱ्याला आकडा आहे तसा कळवला. एकरी ३० किलोऐवजी साडेचौतीसच्या आसपास पेरा, असे सांगितले. पोते कदाचित आपल्याच गोदामात आदळले असेल, हेही सांगितले. सांगताना त्यांचा आवाज पडला होता. आता हमाल पोती दोघे मिळून उतरवतात आणि थप्पी सातावर जात नाही.

कोंब आलेले दाणे टाकायला आजीने मनाई केली. ते परसात लावले गेले. न उगवलेले ३९ नातीने निराळ्या कुंडीत ओल्या मातीत ठेवले. बहुतेक कुजले. चार दिवसांनी दोन कोंब वर आले. वहीतले ६१ तिने खोडले नाहीत. शेजारी दोन लिहिले आणि तारीख घातली.