दया नको, फॉर्म भरून द्या

आमच्या वस्तीतल्या एका मावशींच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याच्या कागदांसाठी आम्ही त्यांच्यासोबत खिडक्या पालथ्या घातल्या. शेजारी म्हणतात, मागच्या जन्माचे भोग. खिडकीवरचे म्हणाले, "महात्मा फुले योजनेत रोजची थेरपी बसत नाही."

उत्तर खोटे नव्हते, पण अर्धेच होते. ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची. या मुलाला थेरपी वर्षानुवर्षे लागणार. त्यासाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. त्यात ठरावीक मर्यादेत ओपीडी आणि थेरपीचाही खर्च. हे कुणी सांगितलेच नाही. ज्याच्या घरात साहेब असतो त्याला अशी माहिती चहा पिता पिता मिळते. मावशींना त्यासाठी रोज बुडवावा लागतो. योजना असून न पोहोचणे, ही जुनीच जातव्यवस्था आहे.

मित्रांनो, संविधानाच्या कलम ४१ मध्ये आजारपण आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क लिहिला आहे. तिथे भोगही नाहीत आणि दयाही नाही. म्हणून दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडा. दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, पासबुक तपासा. निरामयचा अर्ज भरून द्या. खर्च आधी करून मग दावा करायचा असतो, म्हणून बिले जपायला सांगा. जयंतीच्या वर्गणीतून एखाद्या घराचा पहिला खर्च उचला. शिकलेल्या पोरांनी एवढे तरी करावे.

जय भीम!