रीबूट आज की पुढच्या गुरुवारी?

‘आमचा सर्व्हर वर्षभरात एकदाही बंद केलेला नाही’ ही लिनक्सवाल्यांची आवडती फुशारकी. मला ती ऐकून धास्ती वाटते. अपडेट झालं म्हणजे डिस्कवरची फाइल बदलली, एवढंच. आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहतो. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ची चूक उघडकीला आली, तेव्हा पॅकेज बदलून भागत नव्हतं, वेब सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत भगदाड तसंच होतं. पण तेवढ्यासाठी अख्खं मशीन रीबूट करायचीही गरज नव्हती. ब्राउझर बदलला तर ब्राउझर, सेवा बदलली तर सेवा रीस्टार्ट करावी. कर्नलचं मात्र तसं नाही, आणि जीलिबसी तर जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात असते, त्यामुळे तिथे मी सरळ रीबूटच करतो. उबुंटूत अंदाज बांधत बसावं लागत नाही: ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल तयार होते आणि तिच्या जोडीच्या फाइलमध्ये कोणत्या पॅकेजमुळे, तेही लिहिलेलं असतं.

यावर ‘लाइव्ह पॅच आहे की’ असं म्हणतात. २०१५ च्या ४.० कर्नलपासून ती सोय आहे खरी, पण तिने निवडक चुका बुजतात. कर्नल जुना तो जुनाच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आठवडाभराचं गणित चालू असताना रीबूट कसं करणार? पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ हा महासंगणक बसवला. हवामानाचा अंदाज ज्यावर काढायचा, ते यंत्र मनात आलं की बंद करता येत नाही. कबूल. मात्र क्लस्टरमध्ये एकेका नोडला नवं काम देणं थांबवून, हातातलं संपल्यावर तेवढाच नोड रीबूट करता येतो. घरच्या किंवा ऑफिसातल्या एकट्या मशीनला ही सबब नाहीच.

शिवाय पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या दुरुस्तीचा वार. यूपीएसने मान टाकली की मशीन बंद होणारच. वेळ तुम्ही ठरवली नाहीत तर गुरुवार ठरवतो. मग चार महिन्यांची अपडेट्स एकदम अंगावर येतात आणि मशीन उठलं नाही तर त्यांतल्या कुणावर संशय घ्यायचा? म्हणून कर्नल आला की त्याच दिवशी, काम आटोपल्यावर, समोर बसून रीबूट करावं. नव्याने दगा दिला तरी ग्रबच्या मेन्यूत जुना कर्नल बहुधा शाबूत असतो. तो निवडायचा आणि संशयित एकच, हे लक्षात ठेवून शोधाला लागायचं.